विरजण धुऊन टाकू नका

पत्राचा सारांश: दर्यापूर तालुक्यातल्या एका गावातून एका आईनं लिहिलं आहे. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा हट्ट करून त्यानं अमरावतीहून निळा फायटर मासा आणवला. तीन लिटरचं काचेचं गोल भांडं, तळाशी रंगीत खडे. आई दर रविवारी मासा वाटीत काढून ठेवायची, भांडं साबणानं घासायची, खडे धुवायची आणि नळाचं ताजं पाणी भरायची. श्रावणातल्या एका रविवारी पाणी बदललं आणि संध्याकाळपर्यंत मासा गेला. "त्या दिवशी नळाच्या पाण्याला औषधाचा वास जरा जास्तच होता," असं त्या ओघात लिहून जातात. मुलगा एवढंच म्हणाला, "तुनं मारला त्याले." भाऊबीजेला मामानं नवीन, लाल मासा आणून दिला. आता आईचा हातच पुढे होत नाही. अठरा दिवस झाले, पाणी बदललेलं नाही. कमी झालं की बोअरचं पाणी ग्लासभर टाकतात, कारण त्यात औषध नसतं. पाणी पिवळट झालंय, वास येतो, मासा पंख मिटून तळाशी बसतो. सासूबाई म्हणतात, "इहिरीत सोळून दे, सुखानं जगन." त्या विचारतात: पाणी बदलू की नको? बदललं तर हाही जाईल का?

ताई,

तुमच्या पत्रात एक वाक्य तीनदा आलं आहे. "मी तर इतकं स्वच्छ ठेवत होते." पहिल्यांदा ते तक्रारीसारखं वाटलं, तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा लक्षात आलं की सगळ्या पत्राची गाठ तिथंच आहे. तुम्ही कमी केलं म्हणून मासा गेला असं तुम्हाला वाटतंय. माझ्या मते तुम्ही जास्त केलंत. हे टोचण्यासाठी म्हणत नाही. हीच चूक मी स्वतः केली आहे, आणि तीही दिवाळीच्या सफाईत. घरातले डबे, फळ्या, माळा सगळं काढलं होतं, मग माशांची टाकी कशी सुटेल? फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केला, खडे चाळणीत घेऊन धुतले, काच आरशासारखी लखलखीत. आठवड्याभरात दोन मासे गेले आणि मी दुकानदाराला नावं ठेवत बसले.

आधी त्या श्रावणातल्या रविवाराचं बघू, कारण त्याचा उलगडा झाल्याशिवाय तुमचा हात भांड्याला लागणार नाही. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं, साथीची भीती असते, म्हणून ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल पावडर, म्हणजे आपली ब्लिचिंग पावडर, जरा सढळ हातानं टाकतो. ते त्याचं कामच आहे. नळाच्या टोकालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं असा नियम आहे आणि तो आपल्या भल्यासाठीच आहे. आपण ते पाणी पितो, पोटात जाऊन क्लोरीन संपून जातं. मासा मात्र ते पाणी कल्ल्यांतून आरपार घेतो, क्षणाक्षणाला. कल्ल्यांची कातडी बाळाच्या पापणीहून नाजूक असते, आणि एवढंसं क्लोरीनही तिला जाळायला पुरतं. आधीचे रविवार निभावले ते क्लोरीन कमी होतं म्हणून. त्या रविवारी वास येण्याइतकं होतं. त्यात साबणाचा अंश, आणि वाटीतून भांड्यात जाताना पाणी एकदम थंड लागलं असणार. तुमच्या मुलाला हे असंच, जसं घडलं तसं सांगा. पाण्यात औषध होतं, ते आपल्याला कळलं नाही. नऊ वर्षांच्या मुलाला तेवढं समजतं.

दुसरी समजूत, जी तुमच्या पत्रात नाही पण दुकानात सर्रास ऐकू येते: फायटरला काय लागतं, तो वाटीभर पाण्यातही राहतो. यात अर्धं खरं आहे. फायटर वर येऊन नाकानं घेतल्यासारखी हवा घेतो, त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर त्यासाठी एक वेगळं इंद्रिय असतं. आपल्या बाजारात मरळ आणि मांगूर घमेल्यातल्या बोटभर पाण्यात तासन् तास वळवळत राहतात, तेही असेच हवा घेणारे. म्हणून प्राणवायू कमी पडून फायटर लवकर मरत नाही. पण त्याच्या अंगातून निघणाऱ्या अमोनियाचं काय? मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतूनच पाण्यात सोडतो, आणि तो अमोनिया पुन्हा त्याच कल्ल्यांना भाजतो. वाटी जेवढी लहान तेवढं हे विष लवकर साठतं. हा मासा मूळचा थायलंडच्या भातखाचरांतला आणि दलदलीतला. तिथं पाणी उथळ असतं, पण पसरलेलं असतं. भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या बांध्या पाहिल्या असतील तर डोळ्यांसमोर येईल: गुडघाभर पाणी, पण या बांधापासून त्या बांधापर्यंत. त्याला वाटी आवडते असं नाही, तो वाटीत मरायला वेळ घेतो इतकंच.

आता विरजणाची गोष्ट. तुमच्याकडे दही लागतं, तेव्हा तुम्ही कालच्या दह्यातला चमचाभर भाग बाजूला ठेवता की नाही? कोणी ते भांडं निपटून, घासून, उन्हात वाळवून ठेवलं आणि मग म्हणालं की दूध नासलं, तर दोष दुधाचा नाही. माशाच्या भांड्यातही असंच विरजण असतं. खड्यांवर, काचेवर, स्पंजमध्ये बुळबुळीत थर बसतो, त्यात जिवाणू असतात. त्यांतले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही त्या नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी, नायट्रेट त्या मानानं सौम्य. हे विरजण नीट लागायला चार ते सहा आठवडे जातात. तुम्ही दर रविवारी ते साबणानं धुऊन टाकत होतात, म्हणजे ते कधी लागलंच नाही. माझ्या स्पंजचंही तेच झालं होतं.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर "बदला" असंच आहे, पण सगळं नाही आणि एकदम नाही. तुम्ही अठरा दिवस बोअरचं पाणी घालत आहात. औषध टाळायचं म्हणून घातलंत, विचार बरोबर होता. पण दर्यापूर म्हणजे पूर्णेचा खारपाणपट्टा. तुमच्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. भांड्यातलं पाणी उडतं तेव्हा फक्त पाणी उडतं, क्षार तिथंच राहतात. त्यावर पुन्हा खारं पाणी. आज तुमचा मासा अमोनियानं भरलेल्या आणि मचूळ पाण्यात बसला आहे, आणि हळूहळू का होईना त्याच्या शरीरानं त्या क्षारांशी जुळवून घेतलं आहे. त्याला उचलून एकदम गोड, थंड पाण्यात टाकलं तर धक्का बसेल. धक्क्यानं मेला की तुम्ही म्हणाल, बघा, पाणी बदललं आणि गेला.

आज संध्याकाळी एक मोठी स्टीलची परात किंवा प्लास्टिकचा टब घ्या, नळाचं पाणी भरा आणि भांड्याशेजारीच, त्याच खोलीत, उघडं ठेवा. तोंड जितकं रुंद तितकं क्लोरीन लवकर निघून जातं. चोवीस तास द्या. घाई असेल तर माशांच्या दुकानात 'अँटी-क्लोरीन' म्हणून छोटी बाटली मिळते, तिच्यावर लिहिलेले थेंब लिटरच्या हिशेबानं मोजून टाका, क्लोरीन काही मिनिटांत मरतं. मी ती बाटली घरात ठेवतेच. पाण्यात क्लोरीन उरलं आहे का हे पाहायची सोय तुमच्या गावातच आहे. जलसुरक्षकाकडे ओटी टेस्टची बाटली असते, थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे. एकदा मुलाला घेऊन जा आणि नळाचं ताजं पाणी आणि परातीतलं शिळं पाणी दोन्ही तपासून बघा. त्याला मजा वाटेल. ते तपासलेलं पाणी मात्र फेकून द्यायचं, माशाला घालायचं नाही.

एक सावधगिरी. पाणी तांब्या-पितळेच्या गुंडात साठवू नका आणि बंबातलंही घेऊ नका. तांब्यातलं पाणी माणसाला चांगलं म्हणतात, माशाला तांबं विष आहे. शेतावर फवारणीचं औषध कालवायची बादली तर, कितीही धुतलेली असो, या कामाला नको.

दुसऱ्या दिवशी मासा भांड्यातच राहू द्या. वाटीत काढायचं नाही, जाळीनं पकडायचं नाही, पाणी बदलण्यातली अर्धी भीती त्या पकडापकडीतच असते. मेडिकलमधून सलाईनचा नवा संच आणा. त्याची नळी पाण्यानं भरून घ्या, टोक बोटानं दाबा, दुसरं टोक भांड्याच्या तळाशी न्या आणि बोट खाली बादलीत सोडा. तोंडानं ओढू नका. नळीचं टोक खड्यांवरून असं फिरवा की उरलेलं खाणं आणि विष्ठा आधी निघेल. अर्धा लिटर काढा, जास्त नाही. मग परातीतलं अर्धा लिटर पाणी उंचावर एका डब्यात ठेवून त्याच नळीनं आत सोडा. आता तिच्यावरची ती चाकाची चकती कामाला येते. ती दाबून धार थेंबाथेंबावर आणा, म्हणजे अर्धा लिटर जायला तास-दीड तास लागेल. शेतात नव्या रोपाला सलाईनच्या बाटलीनं पाणी देतात ना, तसंच.

हे रोज सहा दिवस. तीन लिटरच्या भांड्यात दररोज अर्धा लिटर बदललं तर सातव्या दिवशी जुन्या पाण्याचा साधारण तिसरा हिस्सा उरतो, आणि माशाला काही घडल्याचं कळतही नाही. त्यानंतर दिवसाआड पाऊण लिटर. काढलेलं पाणी तुळशीला किंवा मोगऱ्याला घाला, त्यात खतच आहे. या पहिल्या दोन-तीन वेळचं मात्र खारं असेल, ते मोरीत जाऊ द्या.

ऊब हा दुसरा मुद्दा, आणि आता थंडी लागली आहे म्हणून तो जास्त महत्त्वाचा. फायटरला २४ ते २८ अंश लागतात. स्लॅबवरच्या टाकीतलं पहाटेचं पाणी आपल्या हाताला बोचतं, तर त्याचं काय होत असेल. परात त्याच खोलीत ठेवायला सांगितलं ते यासाठीही. ताप मोजायचं थर्मामीटर इथं उपयोगाचं नाही, ते इतकं कमी तापमान दाखवत नाही. माशांच्या दुकानातलं काचेचं साधं थर्मामीटर घ्या. ते येईपर्यंत मनगटाची आतली बाजू दोन्ही पाण्यांना लावून बघा, फरक जाणवला तर थांबा. नवं पाणी कोमट करायचं असेल तर गरम पाणी परातीत मिसळा, माशाच्या भांड्यात कधीच नाही. रात्री भांडं खिडकीपासून दूर, तिन्ही बाजूंनी जुनी गोधडी किंवा बारदान, वर फट ठेवून झाकण. हवा घेणारा मासा आहे, पाण्यावरची हवाही त्याला फार गार नको.

या सगळ्यातून तुम्हाला कळलंच असेल की त्रासाचं मूळ ते तीन लिटरचं भांडं आहे. जमेल तेव्हा एक फूट लांब, नऊ इंच रुंद आणि आत नऊ इंच पाणी राहील अशी टाकी घ्या, सोळा-एक लिटर होतात. मोठ्या पाण्यात विष हळू साठतं आणि रात्रीत गारही हळू होतं. त्यात स्पंजचा फिल्टर आणि छोटा एअर पंप लावला तर आठवड्यातून एकदा चार लिटर बदलणं पुरतं. हवेचे बुडबुडे मंद ठेवा, त्याच्या लांब पंखांना धार सोसत नाही. वीज गेली तर घाबरू नका, चार-सहा तासांनी काही बिघडत नाही. स्पंज महिन्यातून एकदा, तोही काढलेल्या जुन्या पाण्यातच दोनदा पिळायचा. नळाखाली नाही. जुन्या भांड्यातले खडे न धुता नव्या टाकीत घाला, ते तुमचं विरजण.

कॅनच्या पाण्याबद्दल तुम्ही ताजा कलमात विचारलं आहे. आरओच्या पाण्यातून क्षार जवळजवळ सगळे काढलेले असतात. निव्वळ त्याच पाण्यात मासा ठेवला तर पाण्याचा आम्ल-अल्कली तोल सांभाळणारं काही उरत नाही, तो कधीही ढासळतो. पण उडून गेलेल्या पाण्याची भर करायला हेच पाणी उत्तम, कारण ते नवे क्षार आणत नाही. तेव्हा बदलायला नळाचं मुरवलेलं पाणी, भर घालायला कॅनचं, आणि बोअरचं अजिबात नको. उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत बोटभर पाणी दोन दिवसांत उडतं, तेव्हा हे फार लक्षात ठेवावं लागेल. भर घालणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे, विष जिथल्या तिथं राहतं.

खारपाणपट्ट्याबाहेर, जिथं बोअरचं पाणी गोड आहे, तिथल्या वाचकांना ते चालेल. फक्त जमिनीतून आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी आणि इतर वायू जास्त असतात. दोन भांड्यांत चार-पाचदा वरून खाली ओतून रात्रभर ठेवा. आणि ज्यांच्याकडे पाणी मऊ आहे त्यांनी महिनोन्महिने न बदललेलं पाणी एकदम बदलण्याचं साहस तर करूच नये. जुनं पाणी आम्लधर्मी होतं, त्यात अमोनिया निरुपद्रवी रूपात दबून असतो. ताजं पाणी भसकन पडलं की तोच अमोनिया विषारी रूपात उठतो. "इतके दिवस घाणीत ठणठणीत होता, स्वच्छ केलं आणि मेला" या तक्रारीमागे बऱ्याचदा हे असतं.

खाण्याचं थोडक्यात. त्याचं पोट त्याच्या डोळ्याएवढं. सकाळी दोन, संध्याकाळी दोन दाणे, आठवड्यात एक दिवस उपास. मुरमुरे, पोळीचा तुकडा, शेव नाही. पाहुण्यांची मुलं हमखास टाकतात, डबा वर ठेवा. खोलीत डासांचा स्प्रे मारायचा असेल तर भांडं आधी बाहेर न्या, त्या औषधांचा अंशही माशांना सोसत नाही.

सासूबाईंचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. आरोग्य विभाग डासांच्या अळ्यांसाठी गप्पी मासे साठलेल्या पाण्यात सोडतो, ते त्यांनी पाहिलेलं असणार, त्यावरून त्यांना सुचलं. पण गप्पी थव्यानं राहतो, कुठंही तगतो. दुकानात वाढलेला, पिसाऱ्यासारखे पंख मिरवणारा फायटर खारपाणातल्या थंड विहिरीत आठवडाही काढेल असं मला वाटत नाही. आणि परदेशी मासा आपल्या विहिरी-नाल्यांत सोडू नये, तिथं आपले मासे आहेत. मुलाला घरी आल्यावर भांडं रिकामं दिसेल, ते वेगळंच.

पंख मिटून तळाशी बसणं तीन-चार दिवसांत सुधारायला हवं. वर येऊन हवा घेताना दिसला, तुमच्या बोटाकडे वळला, पंख थोडे उघडले, म्हणजे जमतंय. शाळेच्या आवारात देशी बदामाचं झाड असेल तर गळालेलं, वाळून तांबूस झालेलं एक पान धुऊन अर्धं टाका. पाणी फिकट चहासारखं होईल, ते चांगलंच. त्याखाली तो लपून बसतो.

आणि एक विनंती. नळी तुम्ही धरा, पण ती चकती मुलाच्या हातात द्या. थेंब मोजायला त्याला बसवा, भांड्यावर अर्ध्या लिटरची खूण त्याला नेलपॉलिशनं करू द्या. काही बोलू नका त्या वेळी, जुन्या माशाचा विषय त्यानं काढला तरच काढा. तुमच्याकडे नळ दिवसाआड येतो असं लिहिलं आहे. उद्याची पाळी असेल तर परात आज रात्रीच काढून ठेवा. नुसत्या पाण्यानं विसळा, साबण नको.